चित्रित आवाहनें व वनरक्षण : एका कातरलेल्या भित्तिपत्रकावरून

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर आमच्या संग्रहांतील पोथ्यांस वारा देत असतां एका मुहूर्तग्रंथाच्या पोथीभोंवतीं जाड कागदाचें वेष्टण आढळलें. उलटून पाहतां आंतल्या अंगास रंगीत चित्र निघालें. तोडलेल्या झाडाचा बुंधा, त्यावर बसलेला एक पक्षी, आणि वर मोठ्या अक्षरांत अर्धेंच राहिलेलें वाक्य. हें वेष्टण आम्हींच घातलें होतें. आम्ही शाळेंत असतांना वनमहोत्सवाच्या सुमारास अशीं भित्तिपत्रकें येत, आठ दिवस भिंतीवर राहत आणि पुढें रद्दींत जात. कागद टिकाऊ दिसला म्हणून त्यांतील एक आम्हीं घरीं आणलें, आणि पोथीच्या मापास बसावें म्हणून त्याची खालची पट्टी कातरली. मुद्रणालयाचें नांव व वर्ष नेमकें त्याच पट्टींत असतें. आज स्थिति अशी कीं, त्या मुहूर्तग्रंथाच्या दुसऱ्या प्रती अनेक संग्रहांत आहेत. त्या पत्रकाची दुसरी प्रत मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. पोथी राखण्याच्या भरांत आम्हीं एक अस्सल साधन अधू केलें. प्रस्तुत लेखाचें निमित्त हेंच होय.

कांहीं वाचक म्हणतील कीं, भिंतीवरील कागदाचा इतिहाससंशोधनाशीं काय संबंध? त्यांस आम्ही आपल्याच भूमींतील एका परिचित वस्तूचें स्मरण करून देतों. कोंकणांत शिलाहारकालीन दानलेखांच्या शिळांवर वर चंद्रसूर्य व खालीं गद्धेगाळ कोरलेला आढळतो. लेख वाचणारे गांवांत थोडे. परंतु दान मोडणाऱ्यास कोणता शाप लागेल हें त्या चित्रावरून निरक्षर मनुष्यासही कळे. त्या शापाचा अर्थ सभ्य भाषेंत उलगडणें कठीण आहे. पण तो लोकांस पोंचविण्यास उलगडण्याची गरजच नव्हती. चंद्रसूर्य असेपर्यंत हा आशय दोन वर्तुळाकृतींत सामावला होता. सार्वजनिक स्थळीं उभी केलेली, चित्रानें बोलणारी, सर्वांस उद्देशून केलेली सूचना हेंच भित्तिपत्रकाचें लक्षण मानल्यास गद्धेगाळ हा त्याचा दगडी पूर्वज ठरतो.

उलट बाजूस रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पाहावें. इ. स. १७१५ च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथांत आरमारास लागणाऱ्या लाकडाविषयीं जो विचार आहे, तो वनरक्षणाच्या इतिहासांत मानाचें स्थान पावण्याजोगा आहे. सागवानादि झाडें हुजूरच्या परवानगीनें तोडावीं. आंबा, फणस यांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें दीर्घ काळ वाढविलेलीं असतात. जीर्ण झाड घेणेंच झाल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. येथें विचार आहे, परंतु चित्र नाहीं. आणि श्रोता अधिकारी आहे, लोक नव्हेत. वनरक्षणाचा विचार व लोकांसाठीं चित्र, या दोहोंचा संयोग छापखान्याची वाट पाहत होता.

तो संयोग शिळाछापानें शक्य केला. शिळाछापाच्या पोथ्या आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाच्या आहेत. इ. स. १७९६ च्या सुमारास सेनेफेल्डरनें जर्मनींत शोधिलेल्या याच कृतीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिस येथें ज्यूल शेरे यानें मोठीं रंगीत भित्तिपत्रकें सर्वत्र रूढ केलीं. प्रारंभीं त्यांचा उपयोग नाटकें, नाचगृहें व विक्रीचा माल यांसाठीं होता. निसर्गरक्षणाकडे ही कला मोठ्या प्रमाणावर वळली ती अमेरिकेंत, आर्थिक मंदीच्या काळांत.

इ. स. १९३५ मध्यें तेथील सरकारनें बेकारांस काम देण्यासाठीं मोठें खातें उघडलें. त्याच्या कलाविभागांत चित्रकारांकडून आरोग्य, शिक्षण, प्रवास, वन्य जीवांचें जतन अशा विषयांवर पत्रकें करवून घेण्यांत आलीं. आरंभीं हीं हातानें रंगवीत. न्यूयॉर्क येथील अँथनी व्हेलोनिस या चित्रकारानें रेशमी जाळीच्या छपाईची कृति तेथें आणल्यावर काम झपाट्यानें वाढलें. चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको तो भाग बुजवावयाचा आणि उरलेल्या भागांतून रंग दाबून कागदावर उतरवावयाचा, ही ती कृति. प्रत्येक रंगास स्वतंत्र जाळी लागे. म्हणून रंग मोजके, सपाट व ठळक ठेवावे लागत. बारीक छटा, लांब मजकूर यांस तेथें थारा नव्हता. शंभर पावलांवरून दिसेल अशी एक आकृति व एका श्वासांत वाचतां येईल असें एक वाक्य हा या पत्रकांचा गुण म्हणून आज वाखाणला जातो. त्याचें मूळ बऱ्याच अंशीं साधनाच्या मर्यादेंत आहे, हें विसरूं नये.

इ. स. १९४३ पर्यंत सुमारें ३५,००० आकृतींच्या वीस लक्ष प्रती निघाल्या असें मानितात. त्यांपैकीं आज ज्ञात असलेल्या प्रती दोन हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतील ९०७ वॉशिंग्टनच्या काँग्रेस-ग्रंथालयांत आहेत. सन १९३८ ते १९४१ या काळांत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें राष्ट्रीय उद्यानांसाठीं केलेल्या चौदा पत्रकांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. तीं जवळजवळ विस्मृतींत गेलीं होतीं. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीं ग्रँड टीटन उद्यानांतील एका हंगामी रक्षकास जाळण्यासाठीं काढलेल्या अडगळींत त्यांतील एक सांपडलें. पुढें सरकारी दप्तरांत इतरांचीं छायाचित्रें मिळालीं; परंतु तीं कृष्णधवल असल्यानें मूळ रंग कळेनात. जेमतेम तीस-पस्तीस वर्षांपूर्वींच्या, सरकारनेंच छापलेल्या कागदांची ही अवस्था! सातशें वर्षांच्या ताम्रपटाचें वाचन याहून सोपें ठरतें.

भित्तिपत्रक जतन करण्याचें दुसरें कारण असें कीं, एखाद्या काळीं लोकांस काय शिकविलें गेलें याचा तें साक्षीदार असतें; तें शिक्षण अपुरें असलें तरीही. फेब्रुवारी १९४२ मध्यें एका जपानी पाणबुडीनें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सांता बार्बाराजवळ तोफा डागल्या. शत्रु वनें पेटवील ही भीति उत्पन्न झाली, आणि आग विझविणारे तरुण तर रणांगणावर गेलेले. तेव्हां वणव्याविरुद्ध पत्रकें निघालीं, त्यांवर शत्रूचे उग्र चेहरे होते. पुढें सन १९४४ मध्यें डिस्नेच्या चित्रपटांतील बांबी हें हरिणाचें पाडस एका वर्षाच्या बोलीनें वापरण्यास मिळालें. भीतीपेक्षां ममता अधिक काम करते, असा अनुभव आल्यावर त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘स्मोकी’ नांवाचें अस्वल योजण्यांत आलें. आल्बर्ट स्टेलीच्या पहिल्या चित्रांत तें शेकोटीवर बादलीनें पाणी ओतीत आहे. करावयाचें काम काय, हें त्या एका क्रियेंत दिसतें.

रचनेच्या दृष्टीनें याहून यशस्वी पत्रक दाखवितां येणें कठीण. परंतु वनशास्त्र पुढें गेलें, तसें आढळलें कीं, पश्चिम अमेरिकेंतील कित्येक पाइनवनांस अधूनमधून लागणारी सौम्य आग हितकर असते. प्रत्येक आग विझवीत गेल्यानें वाळला काडीकचरा सांचतो व पुढील वणवा भयंकर होतो. प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहापर्यंत आटोक्यांत आणावी, हें तेथील वनखात्याचें १९३५ चें धोरण १९७० नंतरच्या दशकांत सोडून देण्यांत आलें. सन २००१ मध्यें स्मोकीच्या घोषवाक्यांतील शब्दही बदलण्यांत आला, हेतूपूर्वक लाविलेली हितकर आग व अनावर वणवा यांत भेद राहावा म्हणून. बेफिकीर मनुष्यास सावध करणें योग्यच होतें. पण आग म्हणजे केवळ शत्रु, हा जो ठसा चित्रानें उमटविला, तो मूळ धोरण गेल्यावरही पुसण्यास कठीण गेला. चित्राचें सामर्थ्य मोठें, म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी.

२२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाच्या पत्रकांत आणखी एक पालट दिसतो. वॉल्ट केलीच्या पत्रकांत पोगो हा त्याचा प्राणी कचऱ्यानें भरलेल्या रानाकडे पाहत उभा आहे, आणि शत्रु बाहेरचा नसून आपणच आहों, असा त्याचा आशय आहे. १९४२ चा परकी शत्रु अठ्ठावीस वर्षांत पाहणाऱ्याच्या आरशांत आला. हा पालट सलग पुरावा राखल्यावांचून दिसला नसता.

आपल्याकडे कन्हैयालाल मुनशी यांनीं १९५० मध्यें वनमहोत्सव सुरू केला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर ५ जून हा पर्यावरण दिन ठरला. तेव्हांपासून गांवोगांवच्या शाळांत, कचेऱ्यांत किती पत्रकें लागलीं व गेलीं! संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, असें पत्रक हातीं आल्यास त्याच्या कडा कातरूं नयेत, मागें खळ लावूं नये, घडीऐवजीं सपाट किंवा सैल गुंडाळून ठेवावें. कोठें, केव्हां, कोणत्या भिंतीवर होतें, तें वेगळ्या चिठ्ठीवर टिपावें. आणि त्यांतील उपदेश आज खरा ठरतो कीं नाहीं, यावरून त्याची किंमत ठरवूं नये.

आमच्या पोथीस आतां मांजरपाटाचें बासन केलें आहे. पत्रक सपाट करून दफ्तरांत ठेविलें आहे. लेखक आपल्या पोथीच्या शेवटीं स्वतःचे दोष कबूल करितात, त्या रीतीस अनुसरून सोबतच्या चिठ्ठीवर आम्हीं लिहिलें आहे: खालची पट्टी संग्राहकानें स्वहस्तें कातरली; वर्ष अज्ञात.