निपाणी तंबाखू

बेळगाव जिल्ह्यातील (कर्नाटक) निपाणी व तिच्या आसपासच्या मराठी भाषिक पट्ट्यात पिकणारी, मुख्यत्वे विडीसाठी वापरली जाणारी तंबाखू. वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या ती निकोटियाना टॅबॅकम या जातीत मोडते. वेदगंगा-दूधगंगा खोऱ्यातील हा पट्टा कोल्हापूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडेही पसरला आहे. गुजरातमधील चरोतर व निपाणी ही भारतातील विडी-तंबाखूची दोन प्रमुख क्षेत्रे होत.

सिगारमध्ये बाहेरील वेष्टनाचे पान सर्वांत मोलाचे असते. ते पातळ, लवचिक, बारीक शिरांचे व एकसारख्या रंगाचे लागते. सुमात्रा बेटावरील देली येथे १८६३ नंतर अशा पानाची मळेशेती वाढली, तर अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यात १९०० पासून ते कापडी मांडवाच्या सावलीत पिकवू लागले. भारतात वेष्टन-पानाचे संशोधन कुचबिहार जिल्ह्यातील दिनहाटा येथे झाले. विडीचे वेष्टन मात्र टेंभुर्णीच्या पानाचे असते, तंबाखू आत भरली जाते. त्यामुळे निपाणीत पानाच्या देखणेपणापेक्षा त्याची जाडी, चव व तिखटपणा यांना महत्त्व आले.

लागवड : बी अत्यंत बारीक असल्याने प्रथम गादीवाफ्यात रोपे तयार करतात व पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती शेतात लावतात. पुढील वाढ बव्हंशी जमिनीतील ओलीवर होते. फुलोरा दिसताच शेंडे खुडतात व नंतर येणारे फुटवे वेळोवेळी काढून टाकतात. यामुळे झाडाचे पोषण पानांकडे वळते, ती जाड होतात व त्यांतील निकोटिनाचे प्रमाण वाढते. मुळांवर जगणारी बंबाखू ही परोपजीवी वनस्पती पिकाचे मोठे नुकसान करते. ती फुलण्यापूर्वी उपटणे आवश्यक असते, कारण तिचे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. हिवाळ्याच्या अखेरीस कापणी होते व माल उन्हात वाळवितात. ओली पाने हाताळताना निकोटिन त्वचेतून शरीरात शिरून मजुरांना मळमळ व चक्कर येण्याचा विकार जडतो.

व्यापार : वाळलेली तंबाखू हवेतील ओलावा शोषून घेते. साठवणीची सोय नसलेल्या शेतकऱ्याला ती फार काळ ठेवता येत नाही, म्हणून भाव ठरविण्याची सत्ता वखारदारांच्या हाती राहिली. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय उत्पादनशुल्क लागू झाल्यावर मालाची साठवण व वाहतूक शासकीय देखरेखीखाली आली. कच्च्या तंबाखूवरील हे शुल्क १९७९ मध्ये रद्द झाले, तरी वखारदारांचे वर्चस्व कायम राहिले. वखारींतील चाळणे व निवडणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत. तंबाखूच्या धुळीत दिवसभर राबूनही त्यांना मजुरी तुटपुंजी मिळे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने कामाच्या अटी ठरविल्या, तथापि निपाणीतील स्त्री कामगार प्रभावीपणे संघटित झाल्या त्या १९८० च्या सुमारास.

आंदोलन : मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी पुणे–बंगलोर राष्ट्रीय महामार्ग रोखला. हजारो शेतकरी रस्त्यावर तळ देऊन राहिले. ६ एप्रिल १९८१ रोजी ते आंदोलन मोडून काढताना झालेल्या पोलीस गोळीबारात अनेक शेतकरी मृत्युमुखी पडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलेला हा प्रदेश तोवर प्रामुख्याने सीमाप्रश्नासाठी चर्चेत असे. या घटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्नही त्याच्या नावाशी जोडला गेला.

सद्यस्थिती : तंबाखूचे आरोग्यावरील दुष्परिणाम निर्विवाद सिद्ध झाले आहेत. भारताने २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला व २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आंतरराष्ट्रीय कराराला अनुसमर्थन दिले. सिंचन वाढले तसा या भागात ऊस पसरला, सोयाबीनही आले व तंबाखूचे क्षेत्र आकसले. तथापि ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला उसाचे पाणी लाभले नाही आणि ज्या स्त्रीला वखारीखेरीज रोजगार नाही, त्यांच्यासाठी पर्यायी उपजीविका निर्माण करणे हाच तंबाखू नियंत्रणातील अवघड भाग होय.