खंडीमागे एक खूण

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्यात धानकापणीची घाई असते. शेतात पुंजणी उभी राहतात, आणि मळणी झाली की धान मोजण्याची वेळ येते. वजनकाटे येण्यापूर्वी हे मोजमाप कुडवाने होई. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. वीस कुडव झाले की एक खंडी. दर कुडवाला उठून वहीत नोंद करावयाची म्हटली, तर खळ्यावरच रात्र व्हावयाची; म्हणून खंडी भरली की एक खूण, एवढे पुरे. हिशेब तर हवा, पण हिशेबापायी काम अडता कामा नये. खळ्यावरचे हे साधे शहाणपण संगणकाच्या जगात किती वळणांनी पोहोचले, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ साली 'ॲटलस' नावाचा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती ५१२ शब्दांच्या सारख्या 'पानां'मध्ये विभागलेली होती. कोणते पान कुठे आहे, याची काळजी यंत्रच वाही. पुढे एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली, आणि पाने वाटून देणारा एक कारभारी आवश्यक झाला. या कारभाऱ्याला कर्नल म्हणतात. सेनेतल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. दाण्याच्या आतला गर, तो हा कर्नल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला 'लिनक्स' हा कर्नल आज अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. म्हणजे गोरेगावच्या बाजारात ज्याच्या त्याच्या खिशात आहे.

वाटप करणे वेगळे आणि कोणी किती घेतले हे सांगणे वेगळे. एका मोठ्या यंत्रावर शेकडो बिऱ्हाडे नांदू लागली, तेव्हा एकाच्या हावरटपणाने दुसरा उपाशी राहू लागला. बलबीर सिंग आणि पावेल एमेल्यानोव यांच्या प्रयत्नांतून एप्रिल २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीत प्रत्येक गटाच्या स्मृतीचे खाते लिनक्समध्ये आले. गटाने मर्यादा ओलांडली, आणि परत घेण्याजोगी पानेही उरली नाहीत, तर कर्नल त्यातला एखादा चालता कार्यक्रम मारून टाकतो. तेव्हा हिशेबातील चूक म्हणजे केवळ वहीतील चूक नव्हे. तिच्यापायी निरपराध्याचा बळी जाऊ शकतो.

परंतु हिशेब चोख ठेवण्याच्या भरात काम मंदावले. दर पानामागे खात्याच्या आकड्याला कुलूप लावावयाचे, आकडा बदलावयाचा, कुलूप काढावयाचे! यंत्रातील सर्व प्रोसेसर त्या एका वहीपुढे रांग लावून उभे. २००९ च्या अखेरीस कामेझावा हिरोयुकी यांनी उपाय काढला. प्रत्येक प्रोसेसरने एकदम ३२ पाने, म्हणजे १२८ किलोबाइट, आगाऊ खात्यावर मांडून घ्यावीत आणि ती संपेपर्यंत वहीकडे फिरकू नये. ही खंडीचीच खूण झाली! २०१५ साली आलेल्या ३.१९ या आवृत्तीत योहानेस वाइनर यांनी ते कुलूपच काढून टाकले, आणि दर पानाची वेगळी नोंदपत्रिकाही रद्द केली. २०२२ मध्ये खंडी ६४ पानांची झाली. मात्र याची किंमत आहे. १२८ प्रोसेसरांच्या यंत्रात ३२ मेगाबाइटपर्यंत स्मृती खात्यावर पडलेली, पण प्रत्यक्षात न वापरलेली असू शकते.

याहून मोठी उधळपट्टी वेगळ्याच ठिकाणी होती. कर्नलला स्वतःच्या कामासाठी फार लहान लहान वस्तू लागतात. एकाच जातीच्या वस्तू एका पानावर शेजारीशेजारी ठेवण्याची युक्ती जेफ बॉनविक यांनी १९९४ साली मांडली होती. २०१३ पासून या वस्तूंचाही गटवार हिशेब सुरू झाला, तेव्हा सोपा मार्ग म्हणून प्रत्येक गटाला वेगळी पाने दिली गेली. घरातल्या प्रत्येक भावाची ढोली निराळी, आणि प्रत्येक ढोली अर्धी रिकामी! हिशेब स्वच्छ, पण जागा वाया. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ या आवृत्तीत रोमन गुश्चिन यांनी ही वाटणी मोडली. ढोली एकच ठेवली. मात्र आतील प्रत्येक वस्तूवर मालकाची खूण केली. वस्तूंनी व्यापलेल्या स्मृतीत एक तृतीयांशाहून अधिक बचत झाल्याचे फेसबुकच्या यंत्रांवर आढळले.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. एकच फाइल दोन गट वाचतात, तेव्हा तिची पाने कोणाच्या नावे लिहावयाची? लिनक्सचा नियम असा, की ज्याने प्रथम हात लावला त्याच्या नावे. मागून येणारा फुकट वापरतो. सामायिक विहिरीवर पहाटे प्रथम पोहरा टाकणाऱ्याच्या माथी सगळी पाणीपट्टी मारण्यासारखेच हे! पण दर वाटेकऱ्याचा हिस्सा नेमका काढू गेले, तर पुन्हा वहीपुढे रांग.

हिशेब अचूक, न्याय्य आणि स्वस्त, असा तिन्ही अंगांनी पुरा क्वचितच साधतो. खळ्यावरचे जाणते लोकही सांडलेले चार दाणे वेचत बसत नसत. ते पाखरांच्या नावे सोडून देत. खंडीची खूण मात्र ते कधी चुकवीत नसत.