माग आणि मार्ग : उंबरखिंडीच्या एका वाटेविषयी

'माग' आणि 'मार्ग' हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, हे भाषेच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. संस्कृतातला 'मार्ग' हा 'मृगा'शी जोडलेला. शोध, शिकार, जनावराच्या पावलांची ओळ हे त्याचे जुने अर्थ. प्राकृतात त्याचा 'मग्ग' झाला आणि मराठीत 'माग'. पुढे तत्सम 'मार्ग'ही आपण वापरीत राहिलो आणि दोघांनी आपसांत कामे वाटून घेतली. जो गेला त्याने मागे ठेवला तो माग. ज्याला जायचे आहे त्याच्यापुढे असतो तो मार्ग. 'मागणे' आणि 'मागे' हे शब्दही याच कुळातले.

हा भेद इतका काटेकोरपणे पाळणारी दुसरी जागा मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्रात 'ट्रॅक' आणि 'रूट' अशा दोन वेगळ्या याद्या असतात. चालताना यंत्र ठरावीक अंतराने वा वेळेने एकेक बिंदू नोंदवीत जाते : अक्षांश, रेखांश, उंची आणि घटका. हा ट्रॅक, म्हणजे माग. रूट म्हणजे अगोदर ठरवलेल्या मोजक्या ठिकाणांची क्रमवार यादी. तिथे कोणी पाऊल टाकलेले असेलच असे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जीपीएक्स या फाइल-स्वरूपातही दोघांना स्वतंत्र कप्पे आहेत. ज्ञात मागाला मार्ग समजून चालता येते, पण मार्गाला माग म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका सहकाऱ्यासह पेणहून निघून मी चावणीला गेलो. खोपोली-पाली रस्त्यावरून आत गेले की अंबा नदीच्या काठी हे गाव लागते. उंबरखिंड ती हीच. कुरवंडे घाटाची जुनी वाट चढून लोणावळ्याच्या बाजूस निघायचे, असा बेत होता. सहकाऱ्याने एक जुने जीपीएस यंत्र उसने आणले होते. चावणीत उभे राहून त्याला कुरवंड्याचा रस्ता विचारला, तर त्याने आम्हांला खोपोलीला परत नेऊन, बोरघाट चढवून, लोणावळ्याला वळसा घालून कुरवंड्यास पोहोचवले. डोळ्यांसमोर डोंगराची कड दिसत होती आणि यंत्र पाठ फिरवायला सांगत होते.

यात यंत्राचा दोष नाही. जवळचा रस्ता काढण्याची जी रीत डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यावर आणि तिच्या सुधारित रूपांवर ही सारी यंत्रे चालतात. नकाशातल्या रेघा आणि त्यांचे सांधे एवढेच त्या रीतीचे जग. जी वाट रेघ म्हणून नोंदलेली नाही, ती कितीही मळलेली असली तरी हिशेबात येत नाही. आणि कोकणातल्या वाटा नोंदल्या जाण्यात एक जुनी अडचण होती. संरक्षणाच्या कारणास्तव किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे सविस्तर सरकारी नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. पेण, रोहा, सुधागड, खालापूर हे सगळेच त्या पट्ट्यात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करी आणि नागरी अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधने बरीच सैल केली. मधल्या काळात येथील डोंगरवाटांचा नकाशा बनला तो भटक्यांनी एकमेकांना दिलेल्या मागांतून. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरची चूक गृहीत धरावी लागे, आणि दोन नाळी शेजारीशेजारी असताना एवढी चूक म्हणजे भलत्याच कड्यावर जाणे.

या खिंडीत मार्ग आणि माग यांच्यातले अंतर एकदा फार महागात पडले आहे. शाइस्ताखानाने पुण्यात तळ दिल्यानंतर उत्तर कोकण घेण्यासाठी कारतलबखानास पाठवले. त्याच्यासोबत रायबागन ही माहूरची पराक्रमी स्त्री होती. खानापुढे मार्ग स्पष्ट होता : सह्याद्री उतरायचा आणि कोकणात शिरायचे. शिवाजी महाराजांनी त्याला घाट बिनविरोध उतरू दिला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी सैन्य रानात पुरते शिरल्यावर पुढची आणि मागची अशी दोन्ही तोंडे बंद झाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. वाऱ्याची झुळूक नसलेले अरण्य, पाण्यावाचून कासावीस झालेले सैनिक आणि खानाची कानउघाडणी करून शरण जाण्याचा सल्ला देणारी रायबागन हे सारे तिथे आहे. खानाने दूत पाठवून अभय मागितले आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली.

इतिहासाच्या पुस्तकांत ही लढाई 'गनिमी काव्याचे उदाहरण' म्हणून येते. ते खरेच आहे. पण परमानंदाने तहान इतकी ठळक का केली असावी, याचा उलगडा मला त्या वाटेवर झाला. आमच्यासोबत गावातले एक वयस्क ठाकर गृहस्थ होते. आम्ही त्यांना बाबा म्हणत होतो, ते आम्हांला मास्तर. एका फाट्याशी सहकारी सरळ निघाला, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, ती पावसाळ्याची वाट. आता तिकडं पानी न्हाय." वाटेला ऋतू असतो हे आमच्या यंत्राला ठाऊक नव्हते, आणि बहुधा खानालाही नव्हते. फेब्रुवारीत इकडचे ओढे आटलेले असतात. पाणी कुठे टिकते हे माहीत असणे हीच तिथली अर्धी युद्धविद्या असणार.

आपल्या भाषेत वाटांना किती नावे आहेत! नाळ, निसणी, खिंड, पाखाडी, पाणंद, ढोरवाट. प्रत्येक नावात चढ, रुंदी, चालणारा आणि कारण सांगितलेले आहे. पडद्यावर त्या सगळ्यांची एकच तुटक रेघ होते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांची इथे आठवण होते. त्यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांच्या ठाण्यांवर एक निबंध आहे. जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदत तिथे ही ठाणी सापडतात, हे त्यांनी स्वतः पायी हिंडून दाखवले. लेण्यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही तीच : मठ कुठे आहे ते पाहा म्हणजे तांडे कुठून जात ते कळेल. सुधागड तालुक्यातली ठाणाळे आणि खडसांबळे येथील लेणी घाटवाटांच्या पायथ्याशी का, याचे उत्तर त्या दृष्टीने पाहिले की मिळते. कोसंबींकडे उपग्रह नव्हता, काठी होती. मराठीच्या वर्गात मात्र आपण 'शिवभारता'विषयी बोलतो ते अलंकार आणि चरित्रकाव्य या अंगांनीच. त्यातले भूवर्णन पायाखाली घालून तपासावे असे फारसे कोणाला वाटत नाही, ही माझी तक्रार आहे आणि तिच्यात मीही येतो.

आमच्या मागाचे पुढे काय झाले तेही सांगतो. कड्याखाली संकेत परावर्तित होतात, त्यामुळे रेघ तिथे दारू प्यायल्यासारखी चालली होती. घरी येऊन मी तो माग यंत्रातच 'जतन' केला. त्या पिढीच्या यंत्रांत जतन करताना जागा वाचवण्यासाठी बिंदू विरळ केले जात आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसली जाई. चालू नोंद अगोदर संगणकावर उतरवून घ्यायची असते, हे मला नंतर कळले. कुठे थांबलो, कुठे दम लागला, बाबा कुठे वाट पाहत उभे राहिले, हे सगळे त्यातून गेले. उरली एक नीटनेटकी रेघ. माग होता, त्याचा जवळजवळ मार्ग झाला.

ती फाइल आम्ही विद्यार्थ्यांना दिली, पण एक तुकडा कापून. वाटेपासून बाजूला एक झरा आहे. बाबांनी आम्हांला तिथे नेऊन पाणी पाजले आणि परतताना म्हणाले, "हे लिवू नका. उन्हाळ्यात गुरांना येवढंच हाय."