नांगरून पडलेली जहाजे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथे फाल नदी समुद्राला मिळण्यापूर्वी दाट झाडीच्या टेकड्यांमधून वाहते. पात्र अरुंद, पण पाणी खोल. वाऱ्यावादळापासून पुरता आडोसा. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत या शांत पात्रात सागरगामी मालवाहू जहाजे एकमेकांना खेटून बांधून ठेवलेली होती. वेल्सचा दगडी कोळसा परदेशी न्यावा आणि परतताना अर्जेंटिनाचा गहू भरून आणावा, असा ज्यांचा एरवीचा क्रम, तसली जहाजे झाडांच्या सावलीत महिनोन्‌महिने उभी राहिली. त्यांच्या यंत्रांत बिघाड नव्हता आणि समुद्राची वाटही कोणी अडवली नव्हती. परवडेल अशा भाड्याचा मालच मिळेनासा झाला होता.

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पाठोपाठ भाव पडले, कारखाने थंडावले आणि राष्ट्राराष्ट्रांनी आपापल्या जकातीच्या भिंती उंच केल्या. १९३३च्या जानेवारीत जगाच्या व्यापाराचे मूल्य चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीच्या मानाने जेमतेम एकतृतीयांश उरले होते. व्यापार आटला की जहाजे आपोआप अधिक होतात. १९३२ साली जगातील सुमारे १ कोटी ४० लाख टनांची जहाजे बेकार होती. म्हणजे एकूण जहाजांचा सुमारे पाचवा हिस्सा. फाल नदीप्रमाणेच स्कॉटलंडमधील गेअरलॉखसारखी आडोशाची पाणथळे त्यांनी भरून गेली.

जहाज नांगरून ठेवण्यामागे मालकाचा रोकडा हिशेब असतो. उभ्या जहाजालाही विमा, पहारा आणि देखभाल यांचा खर्च आहेच. परंतु ते चालवायचे म्हटले की त्यात इंधन, बंदरांची देणी, खलाशांचे पगार आणि शिधा यांची भर पडते. मिळणाऱ्या भाड्यातून ही भर निघत नसेल, तर प्रत्येक सफर तोटा वाढवते, आणि अशा वेळी जहाज उभे करणे स्वस्त पडते. मंदी थोड्या दिवसांची वाटली, तर मोजकी माणसे ठेवून वीजयंत्र चालू ठेवतात, म्हणजे बोलावणे येताच जहाज निघू शकते. मंदी लांबणार असे दिसले, तर यंत्रे थंड करून जहाज दोन-चार रखवालदारांच्या स्वाधीन करतात. मग आत दमट हवा यंत्रे गंजवू लागते आणि बाहेर पाण्याखालच्या पत्र्यावर शेवाळ व शिंपल्यांचे थर चढतात. जहाज उभे राहून झिजते, ते असे.

मात्र एवढ्या जहाजांची गर्दी होते कशी, याचे उत्तर मंदीत सापडत नाही. ते आधीच्या तेजीत शोधावे लागते. भाडी चढली की सारे मालक एकाच वेळी नवी जहाजे सांगतात. मोठे जहाज बांधून पाण्यात उतरायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर बाजार फिरलेला असतो, परंतु अर्धे बांधलेले जहाज कोणी परत घेत नाही. १९६७ साली सुएझ कालवा बंद पडला आणि तेलवाहू जहाजांना आफ्रिकेचा वळसा घालावा लागू लागला. लांब वाटेला मोठे जहाज परवडते, म्हणून अजस्र जहाजांच्या मागण्या नोंदल्या गेल्या. पुढे १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव कडाडले, तेलाची मागणी खचली. १९७५ साली सुएझ पुन्हा खुला होऊन वाटही आखूड झाली. नवी जहाजे मात्र गोदीतून उतरतच राहिली. फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधलेले ‘बातियुस’ हे साडेपाच लक्ष टनांचे तेलवाहू जहाज १९७६ साली पाण्यात आले. शेवटची दोन वर्षे ते नॉर्वेच्या किनाऱ्याला नांगरून पडले आणि १९८५ साली तैवानला मोडीत निघाले. त्याच्या वयाला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती.

एकविसाव्या शतकात हाच खेळ अधिक वेगाने झाला. २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना खनिज पुरेनासे झाले. ब्राझील व ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर गोव्यानेही या भुकेला हात दिला. मांडवी आणि झुवारी नद्यांतून बार्जेसनी मुरगावकडे येणारे लोहखनिज त्या काळात मुख्यतः चीनला जाऊ लागले. कोळसा, खनिज, धान्य अशा सुट्या मालाच्या भाड्याचा निर्देशांक लंडनची बाल्टिक एक्स्चेंज ही संस्था रोज प्रसिद्ध करते. २० मे २००८ रोजी तो ११,७९३ होता. ५ डिसेंबरला ६६३. सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाल्यावर बँकांचा एकमेकींवरचा विश्वासच उडाला होता. खरेदीदाराच्या बँकेचे पतपत्र पाहूनच परदेशी माल जहाजात चढतो. ते पतपत्र मानायला कोणी तयार होईना, तेव्हा घेणारा आणि देणारा दोघेही हजर असून माल धक्क्यावरच राहू लागला.

२००९ साली जगाच्या व्यापाराचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटले. त्या वर्षाच्या अखेरीस कंटेनर वाहणाऱ्या जहाजांच्या एकूण क्षमतेपैकी एक दशांशाहून अधिक क्षमता बेकार होती. सिंगापूरच्या पूर्वेस, मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यासमोर रिकाम्या जहाजांचे जणू नगरच वसले. माल नसल्याने ती पाण्याबाहेर उंच उचललेली दिसत. स्कॉटलंडच्या लॉख स्ट्रिव्हनमध्ये कंटेनर-जहाजे शेजारी शेजारी बांधली गेली, आणि कॉर्नवॉलच्या फाल नदीतही पुन्हा एकदा जहाजे येऊन उभी राहिली. मधल्या पाऊणशे वर्षांत जहाजांचा आकार पालटला, इंधन पालटले. विसाव्याची जागा तीच राहिली.

या विसाव्याचा खर्च कोणी सोसला? ब्रिटनने १९३५ साली कायदा करून सरकारी मदत दिली. दोन टन जुने जहाज मोडल्यास एक टन नवे बांधायला स्वस्त कर्ज, अशी त्यातील एक योजना होती. चारच वर्षांनी महायुद्ध पेटले आणि कोणतेही जुने जहाज चालेल अशी निकड निर्माण झाली. मालकांना अशी मदत मिळाली. खलाशांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील सुमारे चौथा हिस्सा माणसे हिंदुस्थानी होती. डेकवरचे खलाशी आणि त्यांचे सारंग-टंडेल पुष्कळदा रत्नागिरीकडचे, तर स्वयंपाकी आणि वाढपी बहुधा गोव्याचे. गोव्यातील गावागावांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत ‘कूड’ नावाच्या सामायिक वसत्या चालवल्या होत्या. एका सफरीहून उतरलेला माणूस दुसरी मिळेपर्यंत आपली पेटी घेऊन तेथे राही. नोकरी सफरीपुरतीच असे. जहाज निघाले नाही तर पगार नाही. युरोपातील नदीत एखादे जहाज बांधले जाई, तेव्हा मुंबईच्या कुडीत एका पेटीचा मुक्काम लांबे आणि कोकणातल्या घरी जाणारी मनीऑर्डर थांबे.

आजच्या काळात या प्रतीक्षेला अधिक कठोर रूप आले आहे. मालक दिवाळखोर होतो, जहाज नांगरलेलेच राहते आणि त्यावरील माणसे पगारावाचून, कधी कधी पुरेशा अन्नपाण्यावाचून अडकतात. उतरून जावे, तर थकलेला पगार बुडेल ही भीती. आणि नांगरलेले जहाज माणसांवाचून सोडायला बंदराचे अधिकारीही राजी नसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ सालचा सागरी श्रमविषयक करार २०१३ साली अमलात आला. २०१७च्या जानेवारीपासून त्यात एक महत्त्वाची भर पडली. दोन महिने पगार न मिळालेला खलाशी ‘टाकून दिलेला’ समजावा, आणि त्याच्या चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची व घरी परतण्याची तरतूद मालकाने आधीच विम्यासारख्या हमीने करून ठेवावी, असा तो नियम आहे. तरीही असे प्रकार थांबलेले नाहीत. २०२४ साली टाकून दिलेल्या खलाशांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांचीच होती.

जहाजांची मोजदाद टनांत होते आणि मंदीची निर्देशांकात. हे दोन्ही आकडे इतिहासाला आवश्यकच आहेत. मंदी केवढी होती हे त्यांच्यावाचून कळणार नाही. परंतु तेजीत अंदाज चुकवणारे हात वेगळे असतात आणि मंदीत त्याची किंमत मोजणारे वेगळे, ही गोष्ट त्या आकड्यांत उमटत नाही. नांगरलेल्या जहाजाने रात्री चहूकडून दिसेल असा पांढरा दिवा लावावा, असा समुद्राचा नियम आहे. किनाऱ्यावरून अशा दिव्यांची रांग शोभिवंत दिसते. त्यांतील कित्येक दिव्यांमागे घरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे असतात.