अ‍ॅस्पेनच्या जंगलातली हरवलेली पिढी

आजच्या व्याख्यानाचा विषय एक झाड आहे, आणि ते आपल्याकडचं नाही. त्याचं नाव क्वेकिंग अ‍ॅस्पेन, म्हणजे थरथरणारा अ‍ॅस्पेन. अलास्कापासून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत हे झाड पसरलेलं आहे. उत्तर अमेरिकेत इतक्या मोठ्या प्रदेशात आढळणारा दुसरा वृक्ष नाही. पांढरट, गुळगुळीत खोड, गोलसर पानं, आणि शरद ऋतूत अख्खा डोंगर पिवळाधमक.

पान का थरथरतं? तर पानाचा देठ चपटा असतो, आणि तो पात्याला काटकोनात चपटा असतो. त्यामुळे जरा वारा आला की पान इकडून तिकडे हलायला लागतं. आपल्याकडे पिंपळाचं पान असंच हलतं, म्हणून अमरकोशात पिंपळाचं एक नाव ‘चलदल’ असं दिलंय. दोन्ही झाडांचं नातं काही नाही, कूळ वेगळं आहे. पण पिंपळाखाली बसलेल्या माणसाला अ‍ॅस्पेनच्या जंगलातला आवाज कसा असेल, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मुद्दा असा, की मी याला इतिहासाचं व्याख्यान का म्हणतोय? कारण गेल्या दीडशे वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागात माणसानं जे जे निर्णय घेतले, मेंढ्या किती चरू द्यायच्या, लांडगे मारायचे की ठेवायचे, वणवा विझवायचा की जळू द्यायचा, त्या सगळ्यांची नोंद या झाडांच्या वयात सापडते. कागदावरच्या नोंदी कधी अपुऱ्या असतात, कधी सोयीच्या असतात. झाडाचं वय तसं नसतं.

हे समजायला थोडं वनस्पतिशास्त्र लागेल. अ‍ॅस्पेनला बी येतं, पण पश्चिमेच्या कोरड्या डोंगरांत त्या बियांपासून झाड उभं राहणं फार अवघड. तिथे अ‍ॅस्पेन मुख्यतः वाढतो मुळांमधून. केळीला मुनवे फुटतात ना, तसंच समजा. जमिनीखाली मुळं लांबवर पसरतात आणि त्यांतून जागोजागी फुटवे वर येतात. त्यामुळे आपल्याला दिसतात शेकडो झाडं, पण जनुकीय दृष्टीनं ते एकच झाड असतं.

आणि दुसरी गंमत. वरचं झाड जिवंत असेपर्यंत ते शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत असतं, आणि ते मुळांना सांगतं, आत्ता फुटू नका. झाड तोडलं किंवा जळलं की हा निरोप थांबतो आणि मुळांतून एकदम हजारो फुटवे बाहेर येतात. ऊस तोडल्यावर खोडवा येतो, त्याच तत्त्वावर. म्हणजे वणवा हा या जंगलाचा शत्रू नाही, बऱ्याच ठिकाणी तो त्याची पेरणीच आहे.

एक खोड साधारण शंभर ते दीडशे वर्षं जगतं. मुळं मात्र त्याहून कितीतरी जास्त. पण यात एक अट आहे. जुनी खोडं मरायच्या आत नवे फुटवे उंच व्हायला हवेत. नाहीतर मुळांना अन्न कोण पुरवणार? कोकणातल्या काही गावांत आपण काय बघतो? घरं आहेत, अंगण सारवलेलं आहे, पण गावात फक्त म्हातारी माणसं. वरवर बघणाऱ्याला गाव छान दिसतं. अ‍ॅस्पेनचं जंगलही असंच फसवतं. पर्यटक वर बघतो, त्याला सोनेरी पानं दिसतात. वनशास्त्रज्ञ खाली बघतो आणि विचारतो, इथे तरुण झाडं कुठे आहेत?

वय मोजायची पद्धत सोपी आहे. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि वलयं मोजायची. अशी मोजणी पश्चिमेत अनेक ठिकाणी झाली. त्यातून दिसलं की आज उभी असलेली पुष्कळ झाडं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. असं का? कोलोरॅडोचं उदाहरण घ्या. तिथे त्या काळात सोन्याचांदीच्या खाणी निघाल्या. खाणींना लाकूड लागलं, रेल्वेला स्लीपर लागले, आणि माणसांच्या वावरासोबत वणवेही वाढले. सूचिपर्णी झाडं जळली, तुटली, आणि त्या मोकळ्या जागी अ‍ॅस्पेन उठला. आज ज्या सोनेरी डोंगरांना लोक ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात, त्यांतले कित्येक त्या धामधुमीची संतती आहेत.

मग पुढच्या पिढीचं काय झालं? इथे आपली पहिली साक्षीदार येते, मेंढी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युटा, नेवाडा, आयडाहो या भागांत मेंढ्यांचे प्रचंड कळप डोंगरांवर चढले. अ‍ॅस्पेनचा कोवळा फुटवा म्हणजे मेंढीला मेजवानी. या कळपांमागे जे मेंढपाळ होते, त्यांत स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशातून आलेली तरुण मुलं पुष्कळ होती. उन्हाळाभर डोंगरात एकटं राहायचं. मग ती अ‍ॅस्पेनच्या सालीवर चाकूच्या टोकानं बारीक रेघ ओढून आपलं नाव, गाव, साल लिहायची, चित्रं काढायची. काही वर्षांनी ती रेघ काळी पडून फुगते आणि अक्षर वाचता येतं. अशी हजारो कोरीवकामं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. आपल्या मेंढपाळांच्या ओव्या गळ्यात राहिल्या, त्यांचं लिखाण झाडावर राहिलं. आता बघा, ज्या झाडावर हा मुलगा नाव लिहितोय, त्याच झाडाच्या मुळातून येणारे फुटवे त्याचा कळप खातोय. आणि झाडाचं आयुष्य शंभर-दीडशे वर्षं, त्यामुळे ती अक्षरं आता झाडांबरोबर कोसळतायत. १९३४ च्या टेलर चराई कायद्यानंतर सरकारी जमिनीवर कुठेही कळप फिरवणं बंद होत गेलं.

दुसरी गोष्ट अ‍ॅरिझोनामधल्या कैबाब पठाराची. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला हे पठार आहे. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे शिकारबंदीचं अभयारण्य केलं. हेतू चांगला, हरणं वाचावीत. त्यासाठी सरकारी शिकाऱ्यांनी शेकडो प्यूमा मारले, कायोटी मारले, लांडगे संपवले. हरणं वाढली. इतकी वाढली की १९२४ च्या सुमारास त्यांची संख्या कुणी ३० हजार सांगे, कुणी १ लाख. त्या वर्षी तर एक विलक्षण प्रयोग झाला. हाका घालून हजारो हरणं ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे न्यायची, असं ठरलं. झेन ग्रे हे कादंबरीकार त्यात होते. माणसं रांगेनं घंटा वाजवत निघाली. हरणं सरळ रांगेतून मागे पळाली. एकही हरीण पलीकडे गेलं नाही. आणि मग हिवाळ्यांत हरणं उपासमारीनं मेली.

आल्डो लिओपोल्ड हे वनाधिकारी. १९०९ मध्ये ते अ‍ॅरिझोनात नोकरीला लागले, आणि तेव्हा त्यांनीही लांडगा मारला होता. पुढे त्यांचं मत बदललं. शिकारी प्राणी संपवले तर हरणं डोंगर खाऊन टाकतात, हे त्यांनी लिहिलं, आणि कैबाब हे पाठ्यपुस्तकांतलं उदाहरण झालं. पण १९७० मध्ये ग्रॅम कॉघली या शास्त्रज्ञानं विचारलं, पुरावा काय? हरणांचे आकडे अंदाजाचे आहेत. शिवाय त्याच काळात पठारावरच्या मेंढ्या आणि गुरं कमी झाली, त्यामुळे चारा वाढून हरणं वाढली नसतील कशावरून? प्रश्न रास्त होता. कैबाबची गोष्ट हळूहळू पुस्तकांतून गळायला लागली.

मग साक्ष कुणाची काढायची? झाडांची. २००६ मध्ये डॅन बिंकली आणि सहकाऱ्यांनी कैबाबवरच्या अ‍ॅस्पेनची वयं मोजून निबंध प्रसिद्ध केला. हरणं शिगेला पोहोचली होती त्या काळात उगवलेली झाडं अपेक्षेपेक्षा फारच थोडी निघाली. एक पिढी जवळजवळ गायबच. वणवे, हवामान आणि गुरांची चराई ही कारणंही त्यांनी तपासली, पण नुसत्या त्यांनी हा खड्डा भरून निघत नव्हता. लिओपोल्ड यांचं म्हणणं पुन्हा उभं राहिलं. कॉघली यांनी प्रश्न विचारला नसता तर ही मोजणी झाली असती का, हाही विचार करा. इतिहासात शंका घेणारा माणूस असा उपयोगी पडतो.

यलोस्टोनमध्येही असंच घडलं. तिथले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. एल्क, म्हणजे आपल्या सांबरासारखं पण मोठं हरीण, वाढत गेलं. काही दशकं उद्यानाचे कर्मचारीच एल्क मारून संख्या आटोक्यात ठेवत. १९६८ मध्ये लोकांच्या विरोधामुळे ते थांबलं. उद्यानाच्या उत्तर भागातला कळप १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे १९ हजारांवर गेला. विल्यम रिपल आणि एरिक लार्सन यांनी तिथल्या अ‍ॅस्पेनची वयं २००० साली मांडली, तेव्हा उंच झाडांतली बहुतेक १९२० च्या आधीची निघाली.

१९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. एल्क कमी झाले, काही ठिकाणी अ‍ॅस्पेनचे फुटवे उंच होऊ लागले. लगेच सगळीकडे सांगितलं गेलं, लांडग्यांनी जंगल वाचवलं! पण तेवढंच खरं नाही. एल्क कमी होण्यात अस्वलांचा, माणसांनी केलेल्या शिकारीचा, हवामानाचाही वाटा आहे. सुधारणा सगळीकडे सारखी नाही, आणि गवे वाढले तिथे तेही फुटवे खातायत. सत्तर वर्षं काढून घेतलेली गोष्ट परत ठेवली म्हणजे घड्याळ मागे जात नाही.

आता आग. १९३५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यानं नियम केला, आगीची वर्दी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत ती आटोक्यात आली पाहिजे. अ‍ॅस्पेनच्या सावलीत फर आणि स्प्रूस ही झाडं हळूहळू वाढतात. मधूनमधून आग आली तर पाळी पुन्हा अ‍ॅस्पेनची. आग आलीच नाही तर सूचिपर्णी झाडं डोक्यावर जातात आणि अ‍ॅस्पेन उन्हाविना संपतो. १९८८ मध्ये यलोस्टोनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या कक्षेत आला. त्यानंतर, सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पूर्वी अ‍ॅस्पेन नव्हता अशाही ठिकाणी बियांपासून उगवलेली रोपं सापडली. पण सगळीच अ‍ॅस्पेनची जंगलं आगीवर अवलंबून नसतात, हेही लक्षात ठेवा. काही ठिकाणी सूचिपर्णी झाडं नाहीतच आणि अ‍ॅस्पेन पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा नवा होत राहतो. एकच औषध सगळ्यांना चालत नाही.

शेवटचा धक्का दुष्काळाचा. २००२ मध्ये कोलोरॅडोत कडक दुष्काळ पडला. २००४ पासून वनाधिकाऱ्यांना दिसायला लागलं, अ‍ॅस्पेनची मोठमोठी झाडं दोन-चार वर्षांत वाळतायत. २००८ पर्यंत राज्यातल्या अ‍ॅस्पेनच्या जंगलापैकी सुमारे १७ टक्के क्षेत्राला झळ लागली. सर्वांत जास्त नुकसान कमी उंचीवर, उन्हाच्या उतारांवर. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरली की त्या बंद पडतात, आणि अशा दुबळ्या झाडावर बुरशी आणि खोडकिडे तुटून पडतात. यात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे मुळंही मेली. मूळ मेलं की खोडवा संपला.

मग उपाय? युटामधल्या फिशलेक जंगलात ‘पांडो’ नावाचा अ‍ॅस्पेन आहे. सुमारे ४३ हेक्टर, जवळजवळ ४७ हजार खोडं, आणि सगळा मिळून एकच जीव. १९७० च्या दशकात तो ओळखला गेला आणि १९९२ मध्ये त्याला हे लॅटिन नाव मिळालं. अर्थ, ‘मी पसरतो’. पण आज तो पसरत नाही. हरणं आणि वर्षातला थोडा काळ येणारी गुरं फुटवे खातात. २०१३ आणि २०१४ मध्ये त्याच्या काही भागाला उंच कुंपण घातलं. नीट राखलेल्या कुंपणात, थोडं जाळून आणि तोडून चालना दिली तिथे, तरुण झाडं भरघोस आली. जुनं कुंपण वापरलं तिथे हरणं आत शिरली आणि फरक पडला नाही. आता एकाच जिवाचे तुकडे तीन वेगळ्या परिस्थितींत वाढतायत. कुंपण वेळ मिळवून देतं, हरणं जास्त का झाली या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. हरणं वाचवा, आग विझवा, हे निर्णय दुष्टपणानं घेतलेले नव्हते. घेणाऱ्यांना समोरची झाडं उभी दिसत होती, म्हणून सगळं ठीक वाटत होतं. जी उगवलीच नाहीत, ती दिसणार कशी? तो खड्डा दिसायला पन्नास-साठ वर्षं लागली. आणि जंगल ‘पूर्वीसारखं’ करायचं म्हटलं, तर कुठल्या पूर्वीसारखं? १८८० सारखं म्हणाल तर ते खाणी आणि वणव्यांनी घडवलेलं होतं. त्यामुळे आज तिथले शहाणे वनाधिकारी एखादं साल गाठायच्या मागे नसतात. ते एवढंच बघतात, की या जंगलात सगळ्या वयाची झाडं आहेत का, आणि यंदाचा फुटवा जनावरांच्या तोंडापेक्षा उंच होतोय का. कुठलंही जंगल बघायला गेलात, आपल्याकडचंसुद्धा, तर शेंडे बघून झाल्यावर जरा खाली वाकून बघा. तिथे कोण वाढतंय, हे मोजा.

इथे थांबतो.