प्राध्यापक सेंट्सबरींचे पिंप

जॉर्ज सेंट्सबरी हे नाव आपल्याकडे इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांना ठाऊक असते ते तीन जाडजूड खंडांमुळे. युरोपातील समीक्षेचा आणि वाङ्मयीन अभिरुचीचा तो इतिहास १९०० ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाला. ग्रंथालयातील वरच्या फळीवरून ते खंड खाली काढण्याचे श्रम आज फारसे कोणी घेत नाही, आणि ज्यांनी घेतले त्यांतल्याही बहुतेकांनी (आम्ही स्वतःला वगळत नाही) ते अनुक्रमणिकेच्या वाटेनेच वाचले. मात्र याच गृहस्थांचे १९२० साली निघालेले एक लहानसे पुस्तक अजून आवडीने वाचले जाते. 'नोट्स ऑन अ सेलर-बुक' हे त्याचे नाव. आयुष्यभर जमवलेल्या आणि रिचवलेल्या मद्यांच्या त्या आठवणी आहेत. त्यात वारुणीचा मोठा भाग फ्रान्स आणि पोर्तुगालकडे जातो. व्हिस्कीच्या वाट्याला थोडीच पाने येतात. आम्हाला इथे त्या थोड्या पानांविषयीच बोलायचे आहे.

सेंट्सबरी १८७४ ते १८७६ ही दोन वर्षे स्कॉटलंडच्या ईशान्येकडील एल्गिन या गावी मुख्याध्यापक होते. स्पे नदीचे खोरे, म्हणजे व्हिस्कीच्या भट्ट्यांचा सर्वांत दाट मुलूख, तिथून जवळच. पुढे लंडनमध्ये पत्रकारिता आणि ग्रंथपरीक्षणे करून ते १८९५ साली एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९१५ पर्यंत तिथे राहिले. एका समीक्षकाच्या जिभेवर स्कॉटलंडचे हे दुहेरी संस्कार झाले, आणि ते नेमक्या अशा काळात झाले की ज्या काळात 'व्हिस्की' या शब्दाचा अर्थच वादात सापडला होता.

तो वाद समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पत्करावे लागते. जुनी पद्धत भबक्याची. मोड आणून वाळवलेले जव कुटायचे, गरम पाण्यात त्यांची साखर उतरवायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या भबक्यातून सहसा दोनदा गाळायची. प्रत्येक घाण्याला भबका भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. मराठीत 'पहिल्या धारेची' हे विशेषण कौतुकाने वापरले जाते. स्कॉटलंडचा भट्टीवाला पहिली धार बाजूला काढतो, शेवटचीही काढतो, आणि फक्त मधली धार पिंपात भरतो. बाजूला काढलेले पुढच्या घाण्यात जाते. या पद्धतीत धान्याचा, धुराचा आणि भट्टीच्या घडणीचाही वास मद्यात उतरतो. १८३० साली इनीअस कॉफी या आयरिश माणसाने, जो पूर्वी अबकारी खात्यात अधिकारी होता, दोन उंच स्तंभांच्या यंत्राचे पेटंट घेतले. एका बाजूने आंबवण ओतत राहायचे, खालून वाफ सोडायची, आणि यंत्र न थांबता मद्यार्क देत राहते. हा मद्यार्क स्वस्त, भरपूर आणि सौम्य. त्याला स्वतःची अशी फारशी चव नाही, हा त्याचा दोष आणि व्यापाराच्या दृष्टीने तोच त्याचा गुण.

या दोहोंचे लग्न एडिंबऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लावले. अँड्र्यू अशर यांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. १८६० च्या कायद्याने करमुक्त गोदामात मिश्रण करण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलॉक्सेरा ही कीड पडली आणि पुढील दशकांत ब्रँडी दुर्मीळ झाली. लंडनच्या सुखवस्तू घरांत मिश्र व्हिस्कीने तिची जागा घेतली. १८७७ साली सहा धान्यमद्य कारखानदारांनी एकत्र येऊन डिस्टिलर्स कंपनी स्थापन केली. अशर घराण्यातील दुसऱ्या अँड्र्यूने पुढे एडिंबऱ्याला संगीतगृहासाठी एक लाख पौंड दिले. सेंट्सबरींच्या शहरातली प्रतिष्ठा अशी मिश्रणाच्या पैशावर उभी राहत होती. याच व्यापाराची दुसरी बाजू म्हणजे लीथचे पॅटिसन बंधू. उधारीवर साठे, साठ्यांवर कर्ज आणि कर्जावर जाहिराती असा त्यांचा डोलारा १८९८ साली कोसळला आणि अनेक भट्ट्यांना घेऊन बुडाला. बंधूंना १९०१ मध्ये तुरुंगवास झाला.

या धामधुमीचा एक समकालीन वाचक-प्रवासी आमच्या विशेष आवडीचा आहे. आल्फ्रेड बार्नर्ड याने १८८५ ते १८८७ या काळात ब्रिटन व आयर्लंडमधील दीडशेहून अधिक भट्ट्या पायाखाली घातल्या आणि १८८७ मध्ये त्यांचे जंगी पुस्तक काढले. हौदांची लांबी-रुंदी, भबक्यांची क्षमता, वर्षाचे गॅलन, वाटेतला निसर्ग हे सारे त्यात आहे. चव मात्र जवळजवळ नाही! एखाद्याने दीडशे कवींवर ग्रंथ लिहावा आणि त्यात प्रत्येकाच्या छापखान्याचे माप द्यावे, तसा हा प्रकार. पण हे म्हणताना आम्ही थोडे थबकतो. बार्नर्ड नसता तर त्यातल्या कित्येक बंद पडलेल्या भट्ट्यांचे आज नावच उरले असते. आस्वादकाला जे क्षुल्लक वाटते ते इतिहासाला हवे असते.

सेंट्सबरी याच्या अगदी उलट टोकाला. त्यांना मिश्र व्हिस्की मानवत नसे. क्लायनलिश, स्मिथची ग्लेनलिव्हेट, ग्लेन ग्रँट, टॅलिस्कर आणि आयला बेटावरच्या काही, अशी त्यांची आवडती नावे; सगळी एकेका भट्टीची. लंडनमध्ये १९०५ साली दोन विक्रेत्यांवर खटला झाला आणि स्तंभयंत्राचा मद्यार्क म्हणजे व्हिस्की नव्हे असा निकाल लागला, तेव्हा त्यांच्यासारख्यांना बरेच वाटले असावे. पण कारखानदार स्वस्थ बसणारे नव्हते. १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १९०९ च्या अहवालाने दोन्ही पद्धतींच्या मद्याला 'व्हिस्की' म्हणण्याची मोकळीक दिली. नाव कोणाचे, हा प्रश्न चवीने सोडवला नाही. तो बाजाराने आधीच सोडवला होता, आयोगाने त्यावर शिक्का उमटवला.

आता गंमत पाहा. हेच मिश्रणद्वेष्टे प्राध्यापक वाचकाला घरगुती साठ्याची जी उत्तम रीत सांगतात ती अशी: ऐपतीप्रमाणे पिंप घ्यावे, अगदी चौदा किंवा दहा गॅलनांचेही चालेल; सहा-आठ वर्षे मुरलेल्या चांगल्या व्हिस्कीने ते भरावे, उभे ठेवावे, मध्यावर तोटी बसवावी, आणि पातळी तोटीपर्यंत आली की पुन्हा पिण्याजोगी पण फार जुनी नसलेली व्हिस्की वरून ओतावी. म्हणजे पिंप कधी रिकामे होत नाही आणि जुन्यात नवे सतत मिसळत राहते. हेही मिश्रणच! फरक इतकाच, की यात सगळे घटक स्वतःची चव असलेले आहेत आणि मिसळणाऱ्याला ती ठाऊक आहे.

इथे आपल्या काव्यशास्त्रातला पानकरस आठवल्यावाचून राहत नाही. साखर, मिरी इत्यादी एकत्र होऊन सरबताची जी चव होते ती कोणत्याही एका घटकाची नसते. विभावादींच्या संयोगातून होणाऱ्या रसाला हा दृष्टान्त दिला गेला. आस्वाद, रुची, रस, चर्वणा हे समीक्षेचे आपले शब्द जिभेवरूनच आले, हे आपण वर्गात सांगतो आणि लगेच विसरतो. सेंट्सबरींवर आक्षेप असा, की त्यांच्याजवळ सिद्धान्त नाही, नुसती चाखण्याची आवड आहे. आक्षेप खोटा नाही. पण पिंपाची ती कृती वाचताना आम्हाला वाटते, की परंपरेविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते तीन खंडांपेक्षा इथे अधिक नेमके उतरले आहे.

नावाचा वाद आपल्याकडे तर अजून घरातलाच आहे. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मद्याचा मोठा हिस्सा मळीच्या मद्यार्कावर उभा आहे, आणि महाराष्ट्राच्या साखर कारखानदारीत मळीला तोटा नाही. युरोपच्या नियमांनुसार धान्यावाचून व्हिस्की नाही. दुसरीकडे बंगलोरच्या अमृतने २००४ मध्ये जवाची, एका भट्टीची व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन मांडली, आणि गोव्यातूनही तशी व्हिस्की पुढे निघू लागली. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. आपल्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे इथली व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर संपतेही.

संग्रहाचा अर्थही दरम्यान पालटला. सेंट्सबरींची नोंदवही ही उघडलेल्या बाटल्यांची वही होती. २०२३ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये १९२६ सालच्या मॅकॅलनची एक बाटली वीस लाख पौंडांहून अधिक किमतीला लिलावात गेली. इतकी किंमत मोजून कोणी बूच काढील, असे आम्हाला वाटत नाही. सेंट्सबरींच्या आवडत्या क्लायनलिशची हकीकत मात्र वेगळी आहे. ती भट्टी १८१९ साली ब्रोरा गावी सदरलंडच्या जमीनदारीत उभी राहिली, ज्या काळात त्याच जमीनदारीतून कुळांना मेंढ्यांसाठी हुसकावले जात होते. १९६० नंतरच्या दशकात शेजारी नवा कारखाना झाला, क्लायनलिश हे नाव त्याने घेतले, आणि जुन्या भट्टीला पुढे ब्रोरा म्हणू लागले. १९८३ मध्ये ती बंद पडली, आणि बंद पडल्यावर तिच्या बाटल्यांना संग्राहकांत सोन्याचा भाव आला. २०२१ साली ती पुन्हा सुरू झाली. प्राध्यापकांनी ज्या नावाने ती चाखली, ते नाव आज भिंतीपलीकडच्या कारखान्यावर आहे.