एम्बामिंग करताना मृतदेहातील रक्त जाते कुठे? माहुलीचा घाट ते मिरजेचा विच्छेदन कक्ष

१५ डिसेंबर १७४९. साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले. वारसाचा प्रश्न धुमसत होता. माहुलीस, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि सकवारबाई सती गेल्या.

या प्रथेत मृताच्या रक्ताचे काय करावे, हा प्रश्नच उद्भवत नाही. सारे चितेच्या स्वाधीन होते.

प्रश्न निर्माण झाला तो देह टिकवायचे ठरल्यावर. अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम हंटर यांनी धमनीतून द्रव भरून शव राखण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी धाडण्यासाठी ती धंदेवाईक झाली. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा देह आगगाडीने स्प्रिंगफील्डला नेताना वाटेतल्या शहरांत लोकांना दर्शन घेता आले, ते एम्बामिंगमुळेच.

पाश्चात्त्य अंत्यविधीगृहांतील कृती अशी: मानेच्या किंवा मांडीच्या धमनीतून फॉर्मालिनयुक्त द्रव आत ढकलायचा आणि जवळची शीर उघडून रक्ताला वाट द्यायची. प्रौढ देहात साधारण ५ लिटर रक्त असते. ते सगळे कधीच निघत नाही. रक्त काढण्याचे मुख्य कारण दिसण्याचे आहे. साकळलेले रक्त राहिले तर चेहरा काळवंडतो आणि द्रव सर्वत्र पोहोचत नाही. बाहेर आलेले रक्त टेबलाच्या पन्हळीतून सांडपाण्यात जाते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते थेट शहराच्या गटारात सोडण्यास मुभा आहे, हे वाचून अनेकांना धक्का बसतो.

सातारा-सांगलीत असली अंत्यविधीगृहे रुजलीच नाहीत. येथे एम्बामिंगला घर मिळाले ते वैद्यकीय शिक्षणामुळे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले; पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी देह हवेत, आणि ते महिनोन् महिने टिकायला हवेत.

देह कोणाचे? याचे उत्तर १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्यात आहे. (त्याच वर्षी, संस्थाने विलीन झाल्यावर, ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, तोच १९६० पासून सांगली जिल्हा.) ठरावीक मुदतीत नातलगांनी न नेलेला, बेवारस देह शिक्षणसंस्थेला देण्याची तरतूद या कायद्याने केली. स्वेच्छेने देहदान करणारे पुढे वाढले. परंतु महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या ज्यांच्यावर शिकल्या, त्यांतील अनेकांना जिवंतपणी संमती विचारलेली नव्हती. हा हिशेब इतिहासाने मांडायलाच हवा.

विच्छेदन कक्षातील रीत मात्र वेगळी. येथे चेहरा शोभिवंत दिसण्याची गरज नसते. उंच टांगलेल्या पात्रातून, केवळ गुरुत्वाकर्षणाने, मांडीच्या धमनीत काही लिटर द्रव सावकाश उतरवतात. बहुधा रक्त मुद्दाम काढतच नाहीत. ते देहातच राहून फॉर्मालिनने घट्ट होते. विद्यार्थ्यांना शिरांमध्ये काळपट गुठळ्या सापडतात, त्या याच.

म्हणजे येथे बाहेर पडणारे रक्त थोडे. खरी चिंता त्यासोबत ओघळणाऱ्या आणि टाक्यांतून उपसल्या जाणाऱ्या फॉर्मालिनची. १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी असे द्रव निर्जंतुक करूनच गटारात सोडण्याचे बंधन घातले. २०१६ च्या नियमांत टाकाऊ फॉर्मालिनचा नावानिशी उल्लेख असून, अशा रासायनिक द्रवासाठी सांडपाणी प्रक्रियेकडे नेणारी स्वतंत्र वाहिनी सांगितली आहे.

या नियमांचे मोल नकाशा पाहिल्यावर कळते. माहुलीला राख स्वीकारणारी कृष्णाच पुढे कराडला कोयनेला, हरिपूरला वारणेला घेऊन मिरजेच्या कृष्णा घाटावर येते, आणि वाटेतली गावे तिचेच पाणी पितात.